दिल्लीहून आलेला उलटा सवाल

जनका वरवट बकाल गावची. तिचा बाप पुंजाजी शेगावला सरकी काढणाऱ्या जिनिंगवर कापसाची गाडी न्यायचा, तेव्हा तीही हट्टानं वर चढून बसायची. जिनिंगबाहेर गाड्यांची लांबच लांब रांग असायची. हिवाळ्यातलं ऊन, अंगाखाली ऊबदार कापूस, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा पेंगुळलेला आवाज. डोळे मिटले की ती रांग तिला नदीसारखी दिसू लागायची. कुठं तुंबलेली, कुठं मोकळी वाहणारी.

"बा, आपली गाडी काऊन थांबली?"

"वजनाचा काटा एकच हाये न, बाई."

"दोन असते तं?"

"तं मंग गाड्याही जास्त येतीन!" पुंजाजी हसायचा.

चौऱ्याहत्तर साली ती खामगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. रांगेचं हे वेड तिनं भीतभीतच गणिताच्या वानखडे सरांना सांगितलं. सर सरसावून बसले.

"अगं, याचं शास्त्र आहे. ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. दिल्लीला त्याची एम.एस्सी. आहे."

त्या दिवसापासून तिचं भान हरपलं. भाकरी तव्यावर करपायची आणि ही दिल्लीच्या कुठल्याशा उंच खिडकीत उभी असायची.

घरात मात्र पुढं शिकायला नागपूर ठरल्यासारखंच होतं. काका उत्तमराव तिथं पोस्टात होता. मुंबईला संख्याशास्त्र होतं, पण तिथं ओळखीचं कोणी नव्हतं. कुठं जायचं ते ठरवायला सरांनी तोड काढली. तिन्ही विद्यापीठांना एकच प्रश्न लिहायचा: काटा एक आणि गाड्या दोनशे असतील, तर शेवटच्या गाडीनं किती थांबायचं?

नागपूर-मुंबईहून छापील माहितीपत्रकं आली. दिल्लीहून आलं तिथल्या प्राध्यापकानं हातानं लिहिलेलं इंग्रजी पत्र. सरांनी ते तिला मराठीत वाचून दाखवलं. 'गाड्या एकदम येतात की थांबून थांबून? ते कळल्याशिवाय उत्तर कसं देऊ? मोजून कळवा.'

दुसऱ्याच दिवशी बापलेक जिनिंगच्या फाटकाशी जाऊन बसले. पुंजाजी गाडी दिसली की हाक द्यायचा, जनका वहीत वेळ टिपायची. दुपारी धूळ आणि कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. मधेच तिची पेन्सिल थांबली, नजर लांबच्या रस्त्यावर लागली.

"झोपली काय वं?" पुंजाजीनं विचारलं.

"नाही बा. मी दिल्लीले जाऊन राह्यली."

पुंजाजीनं पुढच्या गाडीची हाक दिली. मग पागोटं सारखं करत म्हणाला, "बाकीच्याइनं कागद धाडले. यानं तुले उलटा सवाल केला. ज्याले इचारावं वाटते, त्याच्याकडंच जाय."

वहीतले आकडे दिल्लीला गेले, परीक्षा झाली, आणि प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा बनाबाईनं, तिच्या मायनं, दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं ज्वारीचे धपाटे बांधायला घेतले.

जुलैत ती शेगावहून निघाली. भुसावळला गाडी बदलली, आणि खिडकीबाहेरची काळी माती हळूहळू पिवळी होत गेली. पहिले सहा महिने इंग्रजीनं रडवलं. एका पेपरात ती नापासही झाली. पण दोन वर्षांनी पदवी घेतली, आणि पुढं अमरावतीच्या कॉलेजात तिनं जन्मभर शिकवलं.

त्या पहिल्या वर्षी दिल्लीहून तिचं पहिलं कार्ड आलं होतं, ते गावातल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर शेजारच्या भगवानरावानं मोठ्यानं वाचलं. त्यात अभ्यासाचं काहीच नव्हतं. 'माय, इथं कडुलिंबाची झाडं लय हायेत. मले करमते.'

"पुन्हा वाच," बनाबाई म्हणाली.