परतीची तार

सकाळी दुकानाची फळी बाजूला सारली की नीलव्वा कम्मार सगळ्यात आधी दिव्याच्या दोन तारांची उघडी टोकं एकमेकांना टेकवायची. शंभर वॉटचा जुना, तारेचा दिवा लख्ख पेटायचा. टोकं वेगळी केली की विझायचा. मग ती देवाला उदबत्ती लावायची. सणाचा दिवस असो की अंगात ताप असो, हा क्रम कधी मोडला नाही. नवऱ्याकडून मोटरी भरायचं, म्हणजे जळालेली वेटोळी काढून नवी तार गुंडाळायचं काम शिकली तेव्हा बसप्पानं हेच पहिलं शिकवलं होतं: कामाआधी दिवा बघायचा आणि कामानंतर पुन्हा बघायचा. बसप्पा गेला त्याला बारा वर्षं झाली होती. दिवे बदलत गेले, सवय तीच राहिली.

दुकानात जे काही येईल ते नीलव्वा या दिव्याच्या वाटेत बसवायची. वीज आधी दिव्यातून जायची, मग त्या वस्तूतून. आत तार तुटलेली असली तर दिवा काळाच राहायचा. पंख्याचं वेटोळं धड असलं तर दिवा राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद जळायचा, आणि आतून जळून तारा एकमेकींना चिकटल्या असल्या तर दिवा असा पेटायचा की जणू मध्ये काहीच नाही. नवे पांढरे दिवे तिला या कामाला चालत नसत. ते जराशा विजेवरही उजळतात, थोडं आणि पुष्कळ यातला फरक त्यांना सांगता येत नाही, असं ती म्हणायची. तारेचे दिवे मिळेनासे झाले तेव्हा तिच्याकडे दोनच उरले होते. एक होल्डरमध्ये असायचा, दुसरा जुन्या इरकल साडीच्या तुकड्यात गुंडाळून पिशवीत.

त्या उन्हाळ्यात फकीरप्पाची मोटर दुकानात तीनदा आली. फकीरप्पाची मोगऱ्याची बाग गावाच्या टोकाला, अंगणवाडीच्या कुंपणाला लागून होती. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधून बसनं हडगलीच्या बाजारात न्यायच्या आणि साडेअकराला परत येऊन बागेला पाणी सोडायचं, हा त्याचा रोजचा दिवस.

"अक्का, हिच्यात जीवच नाही," तो म्हणायचा. "फिरते, पण म्हाताऱ्या बैलासारखी. पाणी अर्ध्या वाफ्यात थांबतं."

नीलव्वा मोटर दिव्यावर लावून बघायची. वेटोळं धड होतं, बाहेरच्या लोखंडाला वीज लागत नव्हती. तिसऱ्या वेळी तिनं वेटोळं नव्यानं भरून दिलं, तरी मोटर तशीच. हे तिच्या मनात काट्यासारखं सलत राहिलं.

उगादी, म्हणजे पाडवा, होऊन तीन आठवडे झाले होते. अंगणवाडीचा दुरुस्त केलेला पंखा घेऊन नीलव्वा साडेअकराच्या सुमारास तिकडे निघाली. वाट दगडांची, एका हातात पंखा, खांद्याला हत्यारांची पिशवी, तिच्यात होल्डरमधला दिवाही. एकदा ठेच लागून पिशवी खडकावर आपटली. ती तशीच पुढे गेली.

अंगणवाडीच्या समोर गावाचा हँडपंप. त्याच्याशी घागरींची रांग लागलेली. सुमंगला टीचर दारात उभी होती.

"बरं झालं आलीस, नीलक्का. पंखा राहू दे, आधी हा पंप बघ. दुपारी मुलं हात धुवायला गेली की म्हणतात, टीचर, पंप चावतो. परवा गंगी तर दांडा सोडून मागे पडली."

"लाइनमनला सांगितलंस?"

"आला होता ना, सकाळी नऊला. टेस्टर लावला, काही नाही म्हणाला. म्हणे, टीचर, मुलांना तुमच्या उप्पिटाचा कंटाळा आलाय, बाकी काही नाही."

रांगेतली यल्लव्वा हसली. "चावू दे की! आधी तरी चार हात मारले की पाणी यायचं. आता चाळीस हात मारावे लागतात. पाणी खाली गेलं, चावण्याइतकी ताकद राहिली कुठं त्याच्यात."

नीलव्वानं पंखा खाली ठेवला. कुंपणापलीकडे फकीरप्पाची मोटर चालू झाली. म्हाताऱ्या बैलासारखी. तिच्या कानात तो आवाज आणि यल्लव्वाचे शब्द एकाच वेळी शिरले.

सात वर्षांपूर्वी वादळात फकीरप्पाच्या मोटरीची परतीची तार तुटली होती. वीज आणणारी तार शाबूत होती, पण मोटरीतून गेलेल्या विजेला माघारी न्यायला वाट उरली नव्हती. वीज कचेरीतल्या कुणी ती जोडायला आलं नाही, कळ्या सुकू लागल्या. तेव्हा नीलव्वानंच युक्ती काढली. मोटरीचं परतीचं टोक तिनं मातीखालून नेऊन या हँडपंपाच्या लोखंडी पाइपला बांधलं. पाइप दीडशे फूट खाली, थेट पाण्यात. ओल्या जमिनीसारखी वाट विजेला दुसरी नाही. फकीरप्पा भीत होता तेव्हा ती म्हणाली होती, "काही होत नाही रे. मोटरीत राबून परत येणारी वीज थकलेली असते." या भागात सगळे तसंच समजत. तेव्हा मोटर अशी फिरली की फकीरप्पानं तिला मोगऱ्याचा हातभर गजरा आणून दिला होता.

आता पाणी पाइपच्या तळाशी गेलं होतं. कोरड्या मातीत वीज शिरत नव्हती, म्हणून मोटरीला जोर नव्हता. आणि जी वीज जमिनीत जाऊ शकत नव्हती, ती पाइपावर, दांड्यावर वाट बघत उभी होती. लाइनमन आला तेव्हा फकीरप्पा बाजारात होता, मोटर बंद होती. पाणी दिवसेंदिवस उतरत होतं. परवा गंगी मागे पडली. आज?

"पंपाला हात लावू नका," ती म्हणाली. "कुणीच नाही. फकीरप्पा! मोटर बंद कर!"

फकीरप्पा कुंपणाशी आला. "आत्ता तर लावली, अक्का. ऊन बघ, कळ्या करपतील."

"आणि आम्ही काय करायचं?" यल्लव्वा उसळली. "दुसरा पंप मैलभर लांब. तू डोक्यावर घागर घेऊन येणार आहेस का? लाइनमन नाही म्हणतो आणि ही मोटर भरणारी सांगते!"

"मी दाखवते. मग तरी ऐकाल?"

अंगणवाडीतल्या प्लगच्या परतीच्या भोकात तिनं एक लांब तार अडकवली, दिव्याला जोडून अंगणात आणली. आत मुलांची रांग लागली होती. बारा वाजत आले होते. पायात कोरडी चप्पल आहे ना ते बघून, लाकडी दांडीला बांधलेलं दुसरं टोक तिनं पंपाच्या दांड्याला टेकवलं.

दिवा काळाच राहिला.

तिनं टोक घासून पुन्हा लावलं. काही नाही.

"झालं समाधान?" यल्लव्वा म्हणाली. रांगेत हशा पिकला. फकीरप्पानं सुटकेचा श्वास सोडला. सुमंगलानं आत वळून म्हटलं, "चला पोरांनो, हात धुवा, रांगेत या."

नीलव्वाला क्षणभर बरं वाटलं. आपण चुकलो, बरं झालं. तार गुंडाळावी आणि घरी जावं. पण हात सवयीनं पुढे गेले. कामानंतर पुन्हा बघायचा. तिनं दाराशी येऊन दिव्याची दोन्ही टोकं प्लगच्या दोन भोकांत घातली. पेटायलाच हवा होता.

दिवा पेटला नाही.

तिनं तो कानाशी हलवला. आत तुटलेली तार खुळखुळली. मघाची ठेच.

"मुलांना थांबव!" ती ओरडली. "टीचर, दार लाव! दिवा मेलाय, पंप नाही!"

पहिलं पोर उंबऱ्यावर आलं होतं. सुमंगलानं त्याला दंडाला धरून मागे ओढलं.

नीलव्वानं पिशवीतला इरकलीचा तुकडा सोडला. मेलेला दिवा काढून त्यातला दुसरा होल्डरमध्ये बसवला. आधी प्लगमध्ये लावला: लख्ख. मग परतीची तार होती तशी जोडून ती पंपाशी गेली आणि दांड्याला टोक टेकवलं.

दिवा पेटला. लख्ख नाही, जर्द पिवळा, पण भर उन्हात रांगेतल्या शेवटच्या बाईलाही दिसेल इतका. यल्लव्वा हातातली घागर तशीच धरून मागे सरकली.

फकीरप्पा धावत गेला, मोटर थांबली आणि दिवा विझला.

"हे कसं?" तो परत येऊन म्हणाला, आवाज चिरका झालेला. "तूच म्हणाली होतीस अक्का, परतणारी वीज थकलेली असते. तूच बांधलीस ना तार?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या.

"मीच बांधली," नीलव्वा म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं. वीज थकत नाही, फकीरप्पा. वाट मोकळी असते तोवर गुपचूप जाते, एवढंच."

"म्हणजे सात वर्षं आमची लेकरं..." यल्लव्वानं वाक्य अर्धं सोडलं.

नीलव्वा खाली बसली आणि पक्कड घेऊन पाइपाच्या बुडाशी माती उकरून, गंजलेली ती गाठ स्वतःच्या हातानं कापली.

त्यानंतर अकरा दिवस ती वीज कचेरीच्या पायरीवर डबा घेऊन बसत होती. बाराव्या दिवशी फकीरप्पाच्या खांबावर परतीची नवी तार चढली आणि मोटर पहिल्यासारखी फिरू लागली. काही घरांनी तिच्याकडे काम देणं बंद केलं. यल्लव्वा वर्षभर तिच्याशी बोलली नाही. नीलव्वानं कुणाला दोष दिला नाही. मात्र उगादी झाली की दर आठवड्याला, भर दुपारी, सगळ्या मोटरी चालू असताना, ती गावातले पाचही पंप दिव्यानं तपासायची. आधी दिवा बघायचा, मग पंप, मग पुन्हा दिवा. पुढेपुढे यल्लव्वा तिची पिशवी धरायला येऊ लागली.

असे चार उन्हाळे गेले. चौथ्या उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी ती अंगणवाडीपाशी आली, पंपावर दिवा काळा राहिला, प्लगवर लख्ख पेटला. मुलं हात धुवायला बाहेर पडली. नीलव्वा ओट्यावर बसली, दमल्यासारखी, पाणी मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी हलली नाही. शेवटचं तिच्याशी बोललेली सुमंगलाच. आदल्या दुपारी दिवा होल्डरमधून काढायला तिनं हात पुढे केला होता, आणि नीलव्वा म्हणाली होती,

"फडक्यानं धर टीचर, अजून गरम असेल. आणि तुझ्या पंख्याला तेल घाल, करकर करतोय कधीचा."