पारोळ्यातले नॉर्वेचे प्रश्न

धुळ्याहून एस.टी. सुटली तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, पण खिडकीची लोखंडी कड हाताला चटके देत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी साताऱ्याला भूगोल शिकवत असे आणि उन्हाळी सुटीत गावोगावच्या वाचनालयांत सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा घेत फिरे. दर गावी एक परका देश आणि तीस प्रश्न. देश मी ठरवी. पारोळ्याच्या पत्रात मात्र तो आधीच लिहून आला होता. नॉर्वे. दुसरा कुठलाही चालणार नाही, असंही खाली बजावलं होतं.

वाटेत टायर बसलं. आम्ही सगळे एका निंबाखाली उभे राहिलो. शेजारच्या बाईने पदरातून कैरीच्या फोडी काढून दिल्या. मी कशासाठी आले ते कळल्यावर ती म्हणाली, “नानाले काही ईचारू नका ताई.” (नानांना काही विचारू नका.) कोण नाना, असं मी विचारेपर्यंत कंडक्टरने घंटी दिली.

संध्याकाळी वाचनालय भरलं. पहिला प्रश्न वाचला, तर एकही हात वर झाला नाही. सगळ्यांचे डोळे तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. त्यांनी बसल्याबसल्या उत्तर दिलं. दुसरं दिलं. पुढे तर माझं वाक्य संपायच्या आत उत्तर येऊ लागलं.

“सात डोंगरांचं शहर म्हणून...”

“बर्गेन. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस. सुटाबुटातली माणसंही छत्री घेऊन मासळीबाजारात येतात.”

तीसच्या तीस उत्तरं बरोबर. टाळी मात्र एकही वाजली नाही. लोक खाली मान घालून उठले आणि चपला शोधू लागले. गृहस्थ माझ्यापाशी आले. कापूसबाजारात कारकुनी करून निवृत्त झालेले, गावात नाना म्हणून ओळखले जाणारे. पत्र त्यांनीच पाठवलं होतं.

“उद्या आखाजी आहे,” ते म्हणाले. “घरी जेवायला या. एक प्रश्न माझाही आहे.”

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात हा सण दिवाळीएवढा मोठा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, आणि घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. नानांचं गाव पारोळ्यापासून आठ-दहा मैलांवर. मी पोचले तेव्हा बारा वाजत होते. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. झोके रिकामे लोंबत होते आणि बंद दारांमागून बायकांची गाणी येत होती. गाणारं कुणीच दिसत नव्हतं.

नानांच्या ओसरीवर गाणं नव्हतं. भिंतीवर दोन घड्याळं होती. एकात बारा, दुसऱ्यात साडेआठ. खाली खडूने काढलेला बर्गेनचा नकाशा : धक्का, चर्च, बाजार, डोंगरावर चढणारी रेल्वे.

“सुभाष आता उठला असेल,” नाना म्हणाले. “तिथं आज पाऊस आहे.”

सुभाष त्यांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू बोटीवर स्वयंपाकघरात कामाला होता. बर्गेनच्या बंदरात खाली उतरला आणि बोट सुटेपर्यंत परतला नाही. बोटीच्या कंपनीकडून तार आली, दोन पत्रं आली, पुढे काही नाही. त्याला सहा वर्षं झाली होती.

नानांच्या पत्नी, अक्का, पाणी घेऊन आल्या. त्यांच्यामागे कोपऱ्यात एक भरलेली घागर होती, वर डांगर (खरबूज) ठेवलेलं. ती अक्कांच्या सासऱ्यांच्या नावाची. पलीकडे सहा कोऱ्या घागरी ओळीने पालथ्या.

“दर आखाजीले आनस,” अक्का मला म्हणाल्या. (दर आखाजीला आणते.) “हाई भरू देतस नही.” (हे भरू देत नाहीत.)

“जित्या माणसाची घागर भरतात का?” नाना शांतपणे म्हणाले. मग माझ्यासमोर बसले. “बाई, तुम्ही देशोदेशीचे प्रश्न काढता. सांगा. अनोळखी शहर, थंडी, खिशात कागद नाही, भाषा येत नाही. असा माणूस सहा वर्षं तिथं कुठं राहील? मी एकेक गल्ली पाठ केली आहे. तुम्ही फक्त गल्ली सांगा.”

साडेआठवाल्या घड्याळाची टिकटिक जास्त मोठी वाटत होती. अक्का माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी गोड बोलून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण त्या पालथ्या घागरी समोर होत्या.

“नाना,” मी म्हटलं, “तो तिथं राहत असेल असं मला वाटत नाही.”

ते रागावले नाहीत. बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले. अक्कांनी त्यांना काही विचारलं नाही. ओळीतली पहिली घागर उचलून त्यांनी सरळ केली आणि तिच्यात हंड्यातलं पाणी ओतलं.

कोरी माती, सहा उन्हाळे तापलेली. ओतल्याबरोबर आतून आवाज यायला लागला. बारीक, चुरचुरता, मध्येच घोट घेतल्यासारखा. काठाला आलेलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत चार बोटं खाली गेलं. अक्कांनी पुन्हा भरलं. पुन्हा खाली गेलं. नवी माती पाणी पिते हे मलाही माहीत होतं. तरी मी नकळत मागे सरकले.

“किती तहानेल शे,” नाना हळूच म्हणाले. (किती तहानलेला आहे.) तिसऱ्यांदा पाणी त्यांनी ओतलं.

पुरणाचे मांडे आणि आमरस आम्ही तिघांनी खाल्ला. चारच्या सुमाराला नाना मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत नदीचं कोरडं पात्र ओलांडताना ते मध्येच थांबले.

“त्याला पोहता येत नव्हतं,” ते म्हणाले. “इथं कुठं शिकणार? बोटीच्या अर्जात विचारलं होतं, पोहता येतं का. येतं म्हणून लिही, असं मीच सांगितलं.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. वाळूतून गरम वाफ येत होती. एस.टी. आली, मी चढले. मागच्या काचेतून पाहिलं तर नाना उलट फिरून गावाकडे चालू लागले होते.

साताऱ्याला परतल्यावर प्रवास कसा झाला असं सगळ्यांनी विचारलं. ऊन फार होतं, एवढंच मी सांगितलं. नॉर्वेबद्दल त्या माणसाला सगळं माहीत होतं, कारण मुलगा बुडाला असेल, ही स्वतःच्या घरातली एक गोष्ट त्याला मान्य करायची नव्हती. हे मला कळायला मात्र बरीच वर्षं गेली.