भोयर सरांचे तीन मीटर

वर्ध्याला नालवाडीत वासुदेवराव भोयरांचं घर विचारा. "ते गाद्या मागत फिरतात ते का?" असं उत्तर येईल. मला या उत्तराचा फार राग येतो. अरे, पोल व्हॉल्ट शिकवणारा माणूस आहे तो! लांब पोल हातात घेऊन पळत यायचं, त्याचं टोक खाचेत रोवायचं आणि त्या जोरावर आडव्या दांडीवरून पलीकडे उडायचं, हा खेळ त्यांनी आमच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवला. पण रागावून तरी काय करता, गाद्या ते खरंच मागत. त्यातल्या निम्म्या आमच्या दुकानातून गेल्या आहेत.

मी रक्षा. सेलूला आजोबांपासून आमचं गादीचं दुकान आहे. दोन हजार तीन साली मी वर्ध्याला कॉलेजात गेले, तेव्हा भोयर सरांनी पहिल्याच दिवशी माझं गाव आणि वडिलांचा धंदा विचारला. "गाद्या?" म्हणताना त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, आता हे माझ्या लग्नाचं काढतात. त्यांनी काढला पोल व्हॉल्ट. मुलगे सगळे क्रिकेटकडे पळालेले, आणि मुलींना शिकवावं तर पडायला जागा मऊ नाही. मला वर्षभर वाटत होतं की सरांनी माझ्यात काहीतरी पाहिलं. त्यांनी माझ्या मागचं कापसाचं गोदाम पाहिलं होतं!

खाली सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुश्याची, पोती, त्यावर गाद्या, त्यावर ताडपत्री, असा आमचा थाट होता. एकदा सरांच्या बायको, शकुंतलाकाकू, त्यांचा डबा घेऊन मैदानावर आल्या. ताडपत्री जरा सरकली होती. लाल फुलांचं कापड दिसल्याबरोबर काकू ओरडल्या, "अवो, हे तं माह्या लग्नातली गादी हाय!"

"घरी तिच्यावर लोकं आळसानं लोळत," सर म्हणाले. "इथं पोरी मेहनत करून पडतात."

काकूंनी डबा तसाच परत नेला. सर त्या दिवशी उपाशी राहिले, पण गादी राहिली.

सर सायकलवरून पोल घेऊन निघाले की गल्लीच्या वळणावर आधी पोल दिसायचा आणि बऱ्याच वेळानं सर. कॉलेजची मोजायची टेप तेव्हा गंजून तुटली होती. दांडी ज्या दोन खांबांवर ठेवतात, त्यांच्यावर उंचीच्या खुणा करायच्या होत्या. सर म्हणाले, "रक्षा, घरून मोजायले काई आणजो." मी दुकानातली लाकडी मीटरपट्टी नेली. सरांनी तिच्यानं मोजून खांबांवर लाल ऑइलपेंटच्या रेघा मारल्या, मी पट्टी पुसून परत आणून खिळ्याला टांगली. एवढंच माझं पाप. ते पुढे बावीस वर्षं पुरलं.

सरांचा एक नियम होता. आपल्या मैदानावर तीन मीटर पार केल्याशिवाय मुलीला विद्यापीठाच्या स्पर्धेला न्यायचं नाही. "वर्ध्याचं नाक कापून आणाचं नाई," म्हणायचे. मी तीन वर्षं उड्या मारल्या. दोन ऐंशी झालं, पुढे काही केल्या होईना. शेवटच्या वर्षी पळणाऱ्या मुलींची गाडी नागपूरला गेली आणि मी फाटकाशी उभी राहून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग सेलूला येऊन गल्ल्यावर बसले. हे आपलं काम नव्हतंच, असं स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

माझ्यानंतर दहा मुली आल्या. कोणी दोन सत्तरवर अडकली, कोणी दोन पंच्याऐंशीवर. तीन मीटर एकीलाही झालं नाही, त्यामुळे सरांनी एकीलाही नेलं नाही. एकदा दुकानात उशांच्या ढिगाशी उभे राहून मला म्हणाले, "पोरी चांगल्या येतात वं. माह्या शिकवण्यातच खोट हाय." मी त्यांना एक जुनी गादी दिली.

मग आली वर्षाली. रोहण्याची, शेतकऱ्याची मुलगी, भीती नावाची चीज तिला ठाऊकच नव्हती. "पडलं तं पडलं, गादीच हाय ना," म्हणत ती दिवसातून चाळीस वेळा पडायची. तीही दोन नव्वदवर येऊन अडकली. आणि सरांची नोकरी जूनमध्ये संपत होती. ही शेवटची स्पर्धा. ती गेली की तीस वर्षांच्या शिकवणीत बाहेर नेलेली मुलगी एकही नाही, एवढाच सरांचा इतिहास उरणार होता.

शेवटी काकूच आडव्या आल्या. "या वर्षी तरी पोरीले घेऊन जा. नाई तं मले माही गादी वापस द्या!"

गादी काढली असती तर मधोमध भगदाड पडलं असतं. सरांनी नियम मोडला.

आमच्या दुकानाच्या टेम्पोवर पोल बांधून, टोकाला लाल फडकं लावून आम्ही नागपूरला गेलो. टेम्पो मी चालवत होते, कारण ड्रायव्हरनं ऐन वेळी दांडी मारली होती. तिथल्या गाद्या पाहून वर्षाली म्हणाली, "सर, यायच्यात कुटार नाई वाटते," आणि सुरुवात झाली.

दोन साठ. वर्षाली अशी वरून गेली की तिच्या आणि दांडीच्या मध्ये आमची उशी मावली असती. दोन सत्तर. दोन ऐंशी. मी टाळ्या वाजवत होते, आणि सरांचं तोंड मात्र उतरत चाललं होतं. दोन नव्वदला बाकीच्या मुली बाद झाल्या. तीन मीटरवर दांडी लागली. वर्षाली पळाली, उडाली, पलीकडे पडली. दांडी हललीसुद्धा नाही.

मी किंचाळले. सर धावत सुटले ते वर्षालीकडे नाही, थेट पंचांकडे.

"तुमची दांडी खाली हाय! मोजा!"

पंच बिचारे गोंधळले. "अहो सर, तुमचीच मुलगी जिंकते आहे."

"म्हणूनच म्हणून राह्यलो! माह्या पोरीले तीन मीटर होत नाई. मले माहीत हाय!"

स्टीलची टेप आली. बरोबर तीन मीटर. सर म्हणाले, त्या टोकाकडून मोजा. बरोबर तीन मीटर. सर म्हणाले, मध्ये मोजा. दुसऱ्या कॉलेजचे कोच पोट धरून खाली बसले. जन्मात पाहिला नव्हता कोणी, स्वतःच्या सुवर्णपदकावर हरकत घेणारा माणूस! वर्षाली कमरेवर हात ठेवून ओरडली, "सर, काऊन भांडून राह्यले? उडू द्या ना मले!" आणि तीन दहासुद्धा उडून मोकळी झाली.

परतताना वर्षाली सेलूपर्यंत गात होती. बेसूर, पण पदक गळ्यात असलेल्याला सूर कोण विचारतो! सर बोटांवर काहीतरी मोजत होते. चहाला आमच्या दुकानाशी थांबलो, तेव्हा त्यांची नजर खिळ्यावरच्या मीटरपट्टीवर गेली. त्यांनी ती काढली आणि माझ्याकडे टेप मागितली. मी कपाटातली स्टीलची टेप दिली. त्यांनी ती पट्टीला लावली.

एकशे आठ सेंटिमीटर.

माझे वडील, मधुकरराव, आरामात बशीतला चहा फुंकत होते. "मंग?" ते म्हणाले. "खोळीत कापूस भरला का ते आखडते. म्हणून आमच्या बाबानं मीटरले चार बोटं जास्त ठेवले. आमची गादी आजवर कोणाच्या पलंगाले कमी नाई पडली."

हे मलाही ठाऊक होतं! दुकान हाती आलं तेव्हाच वडिलांनी सांगितलं होतं. पण गादीच्या खोळीवरून मैदानावरच्या खांबांपर्यंत माझं डोकं कधी पोचलंच नाही. म्हणजे सरांचे तीन मीटर सव्वातीनला टेकलेले होते. बावीस वर्षं.

"सर," मी म्हणाले, "मले झोडपून काढा."

सर गाद्यांच्या ढिगावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. "अकरा पोरी, रक्षा," ते म्हणाले. "अकरा पोरी म्या घरी बसवल्या."

वर्षालीनं गळ्यातलं पदक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

सरांनी नाक पुसलं आणि पिशवीतून त्यांची फाटकी वही काढली. तिच्यात प्रत्येकीची सगळ्यात उंच उडी लिहिलेली आहे. पहिलं नाव माझं. त्यांनी आकडेमोड केली, खडू मागितला, स्टूल घेऊन बाहेर गेले. बाजार भरलेला. सर स्टुलावर चढले, वर्षालीनं खालून टेप धरली, आणि शटरच्या वर, दुकानाच्या पाटीच्याही वर त्यांनी भिंतीवर एक रेघ ओढली.

"तीन मीटर दोन सेंटिमीटर," सर म्हणाले. "पाह्य, रक्षा. तू तिथून गेलती."

मी मान वर केली. इतकं वर? मी? मी भर बाजारात भोकाड पसरलं, आणि गिऱ्हाइकांना वाटलं घरात कोणीतरी गेलं. वर्षाली म्हणाली, "ताई, तुमी तं लय उंच गेलत्या वं!"

जूनपर्यंत सर खडू आणि टेप घेऊन उरलेल्या दहाही जणींच्या दारी जाऊन आले. एकीची रेघ सासरच्या गोठ्यावर आहे, एकीची ती शिकवते त्या शाळेच्या भिंतीवर. सासूबाईंना काय समजावून सांगितलं, ते सरच जाणे.

परवा दुकानाला रंग दिला. रंगारी रेघ पुसायला निघाला होता. मी त्याच्यावर असं खेकसले की तो शिडीवरून उतरलाच. सगळी भिंत पिवळी केली आहे, रेघ तेवढी तशीच आहे.