झाली त्यांची झोप

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता सुप्याजवळ माझ्या नवऱ्याची गाडी एका ट्रकला मागून धडकली आणि ते गेले. रात्रभर विमान चालवून ते पुण्याहून नगरला घरी येत होते.

ते मालवाहू विमानांचे वैमानिक होते. पार्सलं, औषधं, मोटारीचे सुटे भाग असा माल रात्री एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा आणि सकाळी परतायचं. माझी नोकरी इथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात, म्हणून घर नगरला. खोलीला मी जाड पडदे शिवून घेतले होते. ते दिवसा झोपत.

आमच्या कॉलनीत दिवसा झोपणाऱ्या पुरुषाला किंमत नाही. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारत, "पायलट म्हणे! आम्हाला तर कधी उठलेले दिसले नाहीत. तूच चालवतेस की काय विमान?" मी हसायची. पण मनाला लागायचं. हळूहळू मला एक सवय लागली. दुपारी कोणी दारात आलं, कोणाचा फोन आला की मी आधीच सांगून टाकायची, "उठलेत. झाली त्यांची झोप." आणि मग आत जाऊन त्यांना उठवायची.

त्या सोमवारी ते सकाळी ड्यूटीवरून आले, अकराला आडवे झाले. मंगळवारी संध्याकाळपर्यंत सुट्टी होती. साडेबाराला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला त्यांचा फोन वाजला. कंपनीच्या ड्यूटी लावणाऱ्या विभागातली मुलगी होती. कोणी आजारी पडलं होतं. तिने विचारलं, "कॅप्टनसाहेबांची विश्रांती झाली आहे ना?"

"हो, झाली की. देते हं," मी म्हणाले.

त्यांनी डोळे चोळत फोन घेतला, ऐकलं, "येतो" म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले. "तुझ्या घरात माणसाला आजारीसुद्धा पडता येणार नाही." नंतर काही त्यांचा डोळा लागला नाही. चार वाजता ते निघाले.

विम्याचं वगैरे कंपनीने वेळेत केलं. सोबत पत्र होतं, की उड्डाण संपल्यावर ते विश्रांतीच्या काळात होते, त्यामुळे अपघाताचा कामाशी संबंध नाही. मला दुसरं काही नको होतं. ते कामाने थकले होते, एवढं कुणीतरी कागदावर मान्य करावं, असं वाटत होतं. वाचायची सवय, म्हणून कायदे आणून वाचले. राज्याच्या कायद्यात दुकानातल्या, कारखान्यातल्या माणसाच्या कामाचे तास होते, जेवणाची सुट्टी होती, आठवड्याची रजा होती. वैमानिकाचे तास मात्र केंद्राच्या नियमांत. तरीही मी कामगार कार्यालयात अर्ज दिला. दुसरं दार माहीत नव्हतं.

अर्जावर कंपनीचं उत्तर आलं, त्या दिवशी कार्यालयातल्या बाकावर माझ्या शेजारी विड्या वळणारी एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "तुमचं मालक कुटं व्हते कामाला?"

"विमान चालवायचे."

"अगं बया! इमानवाल्यालाबी हितंच यावं लागतं व्हय?" ती जरा सरकून बसली. "आमी घरात बसून विड्या वळतो, तरी ते कामच धरत्यात. मग तुमचं का न्हाई धरत?"

मी उत्तराचा कागद वाचत होते. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं : विश्रांती पूर्ण झाल्याची खात्री वैमानिकाच्या पत्नीकडून दूरध्वनीवर करून घेण्यात आली होती.

मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. म्हातारीने विचारलं म्हणून तिला सांगितलं. ती कानाशी येऊन म्हणाली, "म्हना की, आपुन फोन उचललाच न्हाई. कोन बगाय आलंय?"

आत साहेबांनी खुर्ची दिली. ते चांगले गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, खरं सांगू का, हे आमच्या कायद्यात बसत नाही. तुमचं म्हणणं लेखी द्या, मी वर पाठवतो."

मी तिथेच लिहायला बसले. पहिल्या ओळीला बराच वेळ लागला. मग लिहिलं, की फोन मीच घेतला होता. झोप झाली असं मी सांगितलं. ती झाली नव्हती. ते जेमतेम दीड तास झोपले होते. लोक नावं ठेवतात म्हणून मी सगळ्यांना तसंच सांगत असे. पण वैमानिकाची झोप झाली की नाही, हे कंपनीने त्याच्या बायकोला विचारून ठरवायला नको होतं.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "ह्याने तुमचीच बाजू लंगडी पडेल, ताई. झोप झाली असं मी सांगितलं, हे एवढं वाक्य काढू या का?"

"राहू द्या," मी म्हणाले.

बाहेर आले तेव्हा म्हातारीने विचारलं, "म्हनलात का, न्हाई उचलला म्हनून?" मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "लई शिकलेल्या मान्साचं अवघडच असतं."

पुढे कळवण्यात आलं, की हा विषय राज्याच्या अखत्यारीत येत नाही; अर्ज केंद्राकडे पाठवला आहे. तिथून अजून काही आलेलं नाही. काकू आता कुंपणावरून काही विचारत नाहीत. मी सकाळी ग्रंथालयात जाते, संध्याकाळी परत येते. दुपारी घरात कोणी झोपलेलं नसतं. माझा जबाब त्या अर्जाला जोडलेला आहे आणि त्यात दीड तास असं लिहिलेलं आहे.