यमिना बसेल अशी गाडी

अल्जीरियातल्या सेतीफ शहरात, जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणारा कधी किंमत सांगत नाही. "लोक सात लाख दिनार द्यायला तयार आहेत," एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. आकडा घेणाऱ्याने बोलायचा, आणि एकदा बोलला की मागे फिरायचं नाही. म्हणून मबरूक बेकरीवाला सकाळपासून तोंड मिटून हिंडत होता.

जन्मभर भट्टीपुढे उभं राहून जे साठलं होतं, ते एकाच गाडीला पुरणार होतं. ही चुकली तर दुसरी नाही. आणि गाडी हवी होती बायकोसाठी. यमिनाचं खुब्याचं हाड झिजलं होतं. डोंगरातल्या गावी तिची आंधळी आई होती. फोनवरचा लेकीचा आवाज म्हातारीला आता ओळखू येत नसे, हात हातात घेतला की मात्र नाव घ्यायची. वडापच्या गाडीत चढताना यमिना पडली, आणि तेव्हापासून तिचं माहेर तुटलं.

मबरूकचा भाचा फरहात मेकॅनिक. एकेका बॉनेटमध्ये डोकं खुपसून तो गाड्या नापास करत होता. हिचा धूर काळा, तिचा पत्रा ठोकून रंगवलेला. शेवटी एका करड्या गाडीपाशी तो थांबला.

"मामा, इंजिन खणखणीत आहे. डोळे मिटून घ्या."

मबरूकने डोळे मिटले नाहीत. त्याने पुढचं दार उघडलं, यमिनासारखा एक पाय ताठ धरला, आधी बूड टेकलं, मग तो पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. उतरला. पुन्हा बसला. भोवतीची माणसं हसायला लागली.

"चाचा, गाडी घेताय की नाच शिकताय?"

गाडीचा मालक दराजी, फेटेवाला म्हातारा, तेवढा हसला नाही. "घरच्यांसाठी का? त्यांचा कुठला पाय?"

मबरूक अर्धा आत, अर्धा बाहेर, तसाच राहिला. पहाटे ती उठायच्या आत तो भट्टीवर जायचा. तिचं कण्हणं त्याने ऐकलं होतं, पण दुखरा पाय कुठला ते कधी बघितलं नव्हतं. "दुपारपर्यंत कुणाला शब्द देऊ नका," एवढंच बोलून तो बाजारामागच्या आपल्या घरी गेला.

यमिना कुसकुससाठी रवा वळत बसली होती.

"तुझा कुठला पाय दुखतो?"

"आत्ता विचारताय?"

"आत्ता विचारतोय."

"डावा." तिने हात पुसले. "पण माझा पाय तुम्ही बाजारात कसा नेणार? मीच येते."

"तिथं बायका जात नाहीत."

"त्या गाड्यांत बसतात ना पण?"

काठी टेकत, त्याच्या दंडाला धरून ती आली. बाप्यांची गर्दी आपोआप बाजूला झाली, कुणी सिगारेट विझवली. दराजीने फेट्याच्या टोकाने सीट झटकली. यमिना टेकली, पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

फरहात खिडकीशी वाकला. "मामी, उतरा. आवडली असं दाखवलंत तर भाव कसा करायचा?"

"मी उतरत नाही. आई वाट बघतेय. तुमचं काय ते बाहेर उरका."

झालं, भाव करण्यात आता काही राम उरला नाही. मबरूकने होतं नव्हतं ते सगळं सांगून टाकलं. "साडेसहा लाख. खिसे झाडले तरी वर काही निघायचं नाही."

दराजीने आत बसलेल्या यमिनाकडे बघितलं. "घेऊन जा, बाबा. त्यांना उतरवायचं पाप मी कशाला घेऊ?" सौदा पक्का झाला म्हणून दोघांनी हात पसरून फातिहा म्हटली. कागद फरहात करणार होता.

शहर मागे पडलं, चढ लागला. मबरूक बेतानं चालवत होता. यमिना खिडकीबाहेर बघत होती, पण गाल ओले होते.

"दुखतंय का गं?"

एरवी ती 'कुठं काय' म्हणून उठून स्वयंपाकघरात जायची.

"हो," ती म्हणाली. "फार दुखतं."

त्याने गाडी कडेला घेतली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.