मुंजोबा बँड आणि माझं एक वाक्य

भिका आबांचा बँड मी बंद पाडला. एका वाक्याने.

काल दुपारी आबा गेले.

शिंदखेड्याकडच्या आमच्या पट्ट्यात त्यांचा मुंजोबा बँड प्रसिद्ध होता. बारा माणसं, लाल कोट, आणि पुढे क्लॅरोनेट घेऊन आबा.

तरुणपणी आम्ही दोघं-तिघं मित्र या बँडमागे सायकलवर गावोगाव फिरायचो. नवरदेव कोण, हेसुद्धा माहीत नसायचं.

आबा डोळे मिटून एक लांब सूर धरायचे. नाचणारे नाचायचं विसरून बघत राहायचे.

माझ्या लग्नात हाच बँड पाहिजे म्हणून मी अडून बसलो. आबांनी त्या दिवसाची सुपारी दुसरीकडे घेतली होती, तर लग्नाची तारीख पुढे ढकलायला लावली.

त्या वरातीत नाचता नाचता माझे मामा खाली बसले.

उठलेच नाहीत.

काही वर्षांनी धाकट्या भावाचं लग्न. बँड तोच. मांडवाच्या दारात वडिलांच्या छातीत कळ आली. धुळ्याला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग आई.

तिला धुळ्याहून ॲम्ब्युलन्समधून घरी आणत होतो. वाटेत एका गावात वरात समोर आली. आमच्याकडे मयत दिसलं की बँड थांबतो, माणसं बाजूला होतात. तशी ती झाली.

क्लॅरोनेट काखेत धरून एक जण खिडकीशी आला. आबा होते. मला बघितलं, टोपी काढली.

"माय गयी का रे भाऊ?"

आणि भर रस्त्यात, त्या लाल कोटात, रडले.

मी त्यांच्याकडे बघतच नव्हतो. मी ढोलावरचं नाव वाचत होतो.

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावणारा माणूस मी. पण त्या दिवशी माझ्या मनात भलतंच बसलं. देव माझी माणसं न्यायला या बँडच्या मागून येतो, असं.

मग मुलीचं लग्न ठरलं. आबांना निरोप दिला नाही, तर ते स्वतःच आले. ओट्यावर भाऊकीतले पाच-सहा जण बसलेले.

"काय भाऊ, पोरनं लगीन शे आनि माले सांगं नही? डीजे लावस का काय? त्याले फूक कोन मारी?"

सगळे हसले.

मी हसलो नाही. म्हणालो, "आबा, तुमना बँड आमना घरले लाभत नही."

वर मामा, वडील, आई अशी तिन्ही नावं बोटांवर मोजून दाखवली.

आबा टोपीशी चाळा करत बसले. मग हळू आवाजात म्हणाले,

"मन्हाजोडे बोलना ते बोलना, भाऊ. दुसराले सांगू नको. बारा घरं शेतस यानावर."

मी कुणालाही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. ओटा भरलेला होता.

पुढच्या सीझनला लोक म्हणू लागले, तो बँड लागतो म्हणे. त्याच्या पुढच्या सीझनला बुकिंग जवळजवळ थांबलं. ट्रम्पेटवाला धुळ्यात रिक्षा चालवायला लागला. ढोलवाला चोपड्याकडे केळी भरायच्या कामाला गेला.

आणि माझ्या मुलीच्या लग्नात?

डीजे होता. अक्षता पडल्या आणि तासाभरात काका गेले.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या पट्ट्यात लग्न म्हटलं की मुंजोबा बँड, दुसरा होताच कुठे? लग्नं भर उन्हाळ्यात, आणि घरातली म्हातारी माणसं उन्हात दिवसभर उभी. बँडचा काय संबंध?

हे कळूनही मी गप्प राहिलो. लाज वाटली.

एकदा शिंदखेड्याच्या बाजारात आबा समोर आले. मी मान खाली घातली, तर त्यांनीच हाक मारली.

"पोर कशी शे रे?"

"मजामां शे, आबा."

"बरं शे मंग."

तेवढंच. तेव्हा माफी मागायला एक मिनिट लागलं असतं.

काल अंत्ययात्रेला गेलो. जुने बँडवाले जमले होते. ट्रम्पेटवाला धुळ्याहून वाद्य घेऊन आला होता. बँडमास्तर गेला की साथीदार वाजवून पोचवतात, तशी रीत आहे.

पण कुणी वाजवेना. मी आबांच्या मुलाला विचारलं.

तो म्हणाला, "आबानी सांगी ठेयेल शे. मन्हा मांगे वाजाडू नका. कोनले तरी लागी जाई."

माझं वाक्य शेवटी त्यांनाही खरं वाटलं होतं.

आबांना तसंच नेलं. फक्त चपलांचा आवाज येत होता.

ओट्यावर त्या दिवशी बसलेले तुम्ही बहुतेक सगळे या फ्रेंडलिस्टमध्ये आहात. तुमची मुलं, सुना, जावईही आहेत. म्हणून चारचौघांत बोललेलं चारचौघांत परत घेतो.

मुंजोबा बँड कधीही, कुणालाही लागला नाही. मी खोटं बोललो.

हे जे कुणी वाचाल, ते घरी मोठ्याने वाचून दाखवा. त्या बारा घरांपर्यंत जाऊ द्या.

आबा, तुम्हाला श्रद्धांजली वाहायला माझे हात धजत नाहीत. नुसते जोडतो.

चुकलो.