मिनिटभर गप्प बसणाऱ्या मावशी

आमच्या मावससासूबाईंसमोर बसून गेलेला आणि श्वास मोजून न घेतलेला माणूस राजुरीत सापडायचा नाही. मावशींची सगळी नोकरी नर्स म्हणून आसपासच्या गावांत गेली. निवृत्तीनंतर सगळं सुटलं, पण सेकंदकाट्याचं घड्याळ आणि दुसऱ्याच्या छातीकडं बघायची सवय काही सुटली नाही. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो, तेव्हा माझ्या एकाही प्रश्नाला त्या उत्तर देईनात. एकटक माझ्या शर्टाच्या बटणांकडं बघत राहिल्या. मी घाबरून थांबलो, तर म्हणाल्या, "अठरा. चांगलं हाय. मोठ्या माणसाचं बारा ते वीस असावं. हां, बोला आता पावणं." आधी का सांगितलं नाही, असं विचारलं, तर म्हणाल्या, "सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. मग काय मोजायचं?" माझ्या बायकोच्या आधी दुसऱ्या एका भाचीला बघायला आलेल्या मुलाचाही त्यांनी असाच अंदाज घेतला होता. आत येऊन निकाल दिला, "चोवीस भरलं. लई घाबरलाय, पण बाकी पोरगं गुणाचं हाय." लग्न जमलं.

आम्ही या सगळ्याला हसायचो. आमची मुलगी चार महिन्यांची असताना मात्र हसू मावळलं. बायको माहेरीच होती, मीही तिथं गेलो होतो आणि बाळाला दोन दिवस सर्दी होती. अंगात ताप नाही, म्हणून सगळे निवांत. दुपारी मावशी आल्या. बाळ झोपलेलं होतं. त्यांनी हळूच दुपटं बाजूला केलं, मिनिटभर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं.

"बासष्ट," त्या म्हणाल्या. "गाडी काढा."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, लहान लेकरू भरभरच श्वास घेतं की. ओव्यानं शेकते, व्हईल बरं."

"नुकतं जन्मलेलं असतं तर साठापर्यंत चाललं असतं. या वयाला पन्नास झालं की धोका. आन् बरगड्यांखाली खड्डा पडतोय, बघ."

मी म्हणालो, "मावशी, चहा ठेवलाय, घेऊन निघू."

"चहा माघारी आल्यावर!" आयुष्यात त्या माझ्यावर ओरडल्या त्या एवढ्याच.

नारायणगावच्या डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि बाळाला लगेच ऑक्सिजन लावला. "उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं," असं ते म्हणाले. चार दिवस मावशी तिथंच बसून होत्या. चौथ्या दिवशी त्या बाहेर आल्या, बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अडतीस." मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आता मुलगी शाळेत जाते. मावशींना त्यांच्या मुलानं पुण्याला फ्लॅटवर नेलंय. गेल्या महिन्यात भेटायला गेलो, तर खुर्ची बाल्कनीत ओढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "हितं लई बिल्डिंगा हायेत, पावणं. पर कुणाच्या घरात तान्हं लेकरू हाय, तेबी कळत न्हाई. दारं लावलेली." खाली पोरं खेळत होती. मावशी कठड्याला धरून वाकून त्यांच्याकडं बघत राहिल्या. सातव्या मजल्यावरून पोरं दिसतात, त्यांचा श्वास दिसत नाही.